खातेसंन्यासनिर्णय

संन्यास कुणी घ्यावा, कधी घ्यावा, दंड किती लांबीचा असावा आणि क्षौर कोणत्या पौर्णिमेला करावं, याचा निकाल आपल्या निबंधकारांनी केव्हाच लावून ठेवला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला, त्यातही संन्यासविधी सविस्तर आला आहे. फेसबुकचं खातं कायमचं बंद करण्याचा विधी मात्र त्यात सापडत नाही. एवढ्या मोठ्या पंडिताकडून हे राहून कसं गेलं, या वादात न पडता प्रस्तुत लेखकाने ती उणीव भरून काढण्याचं मनावर घेतलं आहे.

आधी अधिकारविचार. खातेसंन्यासाचा अधिकार कुणाला? ज्याचं खातं आहे त्याला, असं कुणीही अडाणी सांगेल. शास्त्राला एवढ्यावर समाधान नसतं. आमचा सिद्धांत असा की, 'अरे, का चाललास?' असं विचारणारा निदान एक माणूस ज्याला आहे, त्यालाच हा अधिकार पोचतो. ज्याला विचारणारं कुणी नाही, त्याचं खातं नुसतं बंद पडतं. व्हॉट्सॲपवर १२० दिवस कुणी फिरकलं नाही की ते खातं साधारणपणे पुसलं जातं. त्याला संन्यास म्हणत नाहीत.

आता विधी. संन्यास घेण्यापूर्वी आठ श्राद्धं करावी लागतात आणि शेवटचं आत्मश्राद्ध, म्हणजे स्वतःच स्वतःचं. फेसबुकने ही परंपरा निष्ठेने पाळली आहे. खातं मोडण्यापूर्वी 'तुमची माहिती डाउनलोड करून घ्या' असं ते सुचवतं. मग एक जाडजूड झिप फाइल येते. ती उघडणारा माणूस पहिली पंधरा मिनिटं स्वतःचे जुने फोटो पाहतो आणि पुढचा तासभर मित्रयादीतून काढलेल्यांची नावं वाचतो. चुलतभावाच्या साडूला आपण कधी आणि का काढलं, हे आठवता आठवता निम्म्यांचा संन्यास तिथेच बारगळतो. पिंड ताटात तसाच.

श्राद्धानंतर प्रैषोच्चार. 'मी संन्यास घेतला' हे तीन वेळा म्हणायचं, आधी मंद्र स्वरात, मग मध्यम, मग उच्च. इथेही क्रम तोच आहे. डिलीटचं बटण दाबणं हा मंद्र स्वर. पुन्हा पासवर्ड घालून 'होय, खात्री आहे' म्हणणं हा मध्यम. आणि उच्च स्वर म्हणजे आदल्या रात्री टाकलेली निरोपाची पोस्ट: 'मित्रहो, बराच विचार करून या माध्यमातून बाहेर पडत आहे. ज्यांना संपर्कात राहायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये नंबर द्यावा.' हा क्रम उलटा झाला आहे, पण त्याला इलाज नाही. बटण दाबल्यावर पोस्ट टाकायची कुठे? आणि पोस्ट टाकली की किती जणांनी 'मिस यू' म्हटलं हे पाहण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस थांबणं शास्त्राला धरूनच आहे.

व्हॉट्सॲपचा विधी अधिक रुक्ष. आधी ते सुचवतं की, खातं कशाला मोडता, नुसता नंबर बदला ना. तरीही पुढे गेलात तर कारण विचारतं आणि कारणांची यादी पुढे ठेवतं. त्या यादीतला एक पर्याय थांबून पाहण्यासारखा आहे: 'मी माझं खातं तात्पुरतं डिलीट करत आहे.' ज्या दालनात कायमचं पुसायला आलो, तिथेच हे छापलेलं! तात्पुरती समाधी लावून बाहेर येणारे योगी ऐकले होते. तात्पुरतं भस्म होणारा माणूस ही आमच्या माहितीत याच कंपनीची देणगी.

फेसबुक पूर्वी याहून हळवं होतं. खातं निष्क्रिय करायला निघालेल्याला ते त्याच्या चार-पाच मित्रांचे फोटो दाखवायचं आणि प्रत्येकाखाली लिहायचं की, हा तुम्हाला मिस करील. त्यातला एखादा असा असायचा, ज्याच्याकडून उसने घेतलेले पैसे द्यायचे राहिलेत. तो मिस करणार, यात शंका नव्हती.

आता पुनरागमनाचा प्रश्न, आणि इथे जरा विस्तार हवा, कारण खरं शास्त्र इथे आहे. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी काशीत संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. त्यांना आणि 'संन्याशाची पोरं' म्हणून त्यांच्या मुलांना काय सोसावं लागलं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. शुद्धिपत्रासाठी त्या पोरांना पैठणची वाट धरावी लागली. मार्क झकरबर्ग यांचं धर्मपीठ या बाबतीत कमालीचं उदार निघालं. तिथे पश्चात्तापाला आधी चौदा दिवस मिळत. २०१८ पासून ते तीस केले. एवढ्या अवधीत एकदा लॉगिन करा, संन्यास रद्द. प्रायश्चित्त नाही, ब्रह्मवृंदाची सभा नाही, पैठणला जाणं नाही. भिंत होती तशी, त्यावरचे वाढदिवस होते तसे. तीस दिवस उलटल्यावरही सारा माल सर्व्हरवरून निघायला नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात, असं कंपनीच सांगते. संन्यासी हिमालयात पोचलेला असतो आणि त्याची सावली अजून घराच्या ओट्यावर बसलेली असते.

संन्याशांचे चार प्रकार ग्रंथांत सांगितले आहेत: कुटीचक, बहूदक, हंस आणि परमहंस. खातेसंन्याशांना हे वर्गीकरण इतकं चपखल बसतं की, ते त्यांच्यासाठीच केलं असावं अशी शंका येते.

कुटीचक मुलाच्या घराशेजारी झोपडी बांधतो आणि जेवायला मुलाकडेच जातो. फेसबुक 'डीॲक्टिव्हेट' करून मेसेंजर चालू ठेवणारा तो हाच. फेसबुक सोडलं म्हणून इन्स्टाग्रामवर अभिमानाने सांगणाराही याच वर्गातला. दोन्ही घरं एकाच मालकाची आहेत, हे त्याला ठाऊक असतं, पण झोपडी स्वतंत्र आहे ना!

बहूदक म्हणजे ठिकठिकाणच्या तीर्थांचं पाणी पिणारा. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या गोपनीयता धोरणाची सूचना काढली, तेव्हा या पंथाचा कुंभमेळा भरला. 'आपली माहिती विकली जाणार, सगळ्यांनी सिग्नलवर चला,' हा निरोप व्हॉट्सॲपवरूनच गावोगाव फिरला. सोसायट्यांचे, शाळेच्या बॅचचे, माहेरच्या मंडळींचे ग्रुप सिग्नलवर निघाले. तिथे सगळ्यांनी एकमेकांना 'अरे वा, तूही आलास!' म्हटलं, आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. धोरणाची मुदत ८ फेब्रुवारीची होती, ती पुढे १५ मेपर्यंत ढकलली गेली. मे उजाडेपर्यंत काकांचं 'शुभ सकाळ' जुन्याच घाटावर निर्वेध वाहत होतं.

हंसाने गावात एकच रात्र राहावं, असा दंडक आहे. आपला हंस बायकोच्या फोनवर एकच रात्र राहतो, पण रोज. 'मी नाही बघत हं,' म्हणत तो तिच्या खांद्यावरून मान लांब करतो आणि आत्तेबहिणीच्या नव्या फ्लॅटचे सगळे फोटो पाहून झाल्यावर हे माध्यम किती पोकळ आहे ते सांगतो. घरच्यांना चौघांत सगळ्यात जाच याचा.

परमहंसाविषयी लिहिण्यासारखं काही नाही. तो कुणाला सापडत नाही.

या चौघांखेरीज आतुरसंन्यास म्हणून एक आपद्धर्म आहे. मरण समोर दिसू लागलं की विधीला फाटा देऊन घाईने घ्यायचा तो. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तारीख जवळ आली की तो घाऊक प्रमाणात घेतला जातो. आणि परीक्षा पुढे ढकलल्याचं पत्रक निघालं की आतुर मंडळी संध्याकाळपर्यंत संसारात परत. पत्रकाचा निषेध करायला तरी खातं लागतंच.

इथे पूर्वपक्षी उठतो. तो म्हणतो, तुमचा सिद्धांत साफ चूक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ग्रुपमधून गुपचूप निघून जाण्याची सोय जाहीर केली. आता 'अमुक बाहेर पडले' ही ओळ सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. लोकांनी या सोयीचं स्वागत केलं. मग जाणाऱ्याला प्रेक्षक लागतो, हे कशावरून?

उत्तर असं. एक तर मागील सदस्यांची यादी ग्रुपमध्ये साठ दिवस पाहता येते, म्हणजे गुपचूप जाण्यातही भिंतीला एक फट ठेवलेली आहे. दुसरं असं की, गुपचूप गेलेला माणूस पहिले तीन-चार दिवस फोन हातात धरून बसतो. कुणाचा फोन येत नाही. पाचव्या दिवशी तो स्वतःच मावसभावाला फोन लावतो, पावसापाण्याचं विचारतो, आणि निघता निघता म्हणतो, "अरे, मी आपल्या फॅमिली ग्रुपवर नाहीये हं आता, तुला कळलं असेलच." मावसभावाला कळलेलं नसतं. पूर्वपक्ष इथे खंडित होतो.

परदेशातही या सिद्धांताला पुष्टी मिळते. २००९ साली बर्गर किंग या अमेरिकन कंपनीने योजना काढली: फेसबुकवरचे दहा मित्र काढून टाका आणि एक बर्गर फुकट घ्या. काढलेल्याला तसं कळवलंही जाई, आणि फेसबुकची हरकत आली ती या कळवण्यावर. योजना गुंडाळली जाईतो २,३३,९०६ मित्रांचा बळी गेला होता. त्याच वर्षी इटलीतल्या कलावंतांनी 'सेप्पुकू' नावाची साइट काढली. ती तुमचं फेसबुक खातं निष्क्रिय करून तुमच्या नावाने स्मारकपान उभारी आणि तुमच्या पाठोपाठ किती मित्र गेले त्यावर गुण देई. सती जाणाऱ्यांची मोजदाद करून यशापयश ठरवणारा संन्यास धर्मसिंधुकारांना सुचला नसता. वकिलांची नोटीस आली आणि तेही बंद पडलं.

उदाहरण म्हणून ब्रायन ॲक्टन यांचंही नाव घ्यायला हवं. व्हॉट्सॲप उभं करणाऱ्या दोघांपैकी हे एक. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप फेसबुकला विकल्याचं जाहीर झालं तेव्हा किंमत १९ अब्ज डॉलर सांगितली गेली. मार्च २०१८ मध्ये, केंब्रिज ॲनॅलिटिका प्रकरण गाजत असताना, त्यांनी जगाला फेसबुक डिलीट करण्याचा उपदेश केला. केला कुठे? ट्विटरवर.

राहता राहिला राजधर्म. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांत असं आहे की, दोन कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीकडे एखादा माणूस तीन वर्षं फिरकला नाही, तर तिने त्याची माहिती पुसायची. मात्र पुसण्याआधी निदान ४८ तास त्याला कळवायचं की, बाबा, एकदा लॉगिन कर, नाहीतर गेलास. म्हणजे नातेवाईक, शाळासोबती, सोसायटीचे सेक्रेटरी यांपैकी कुणीही विचारलं नाही, तरी 'का चाललास?' हे विचारणं आता भारत सरकारने कंपनीवर बंधनकारक केलं आहे. अधिकारविचारात आम्ही ज्यांना अपात्र ठरवलं होतं, ते या नियमामुळे पात्र होतात की नाही, याचा निर्णय पुढच्या प्रकरणात.