अठ्ठेचाळीस मिनिटांत नागपूर

मेहुणीच्या मुलीचं साक्षगंध नागपुरात, सकाळी साडेअकराला. बायको म्हणाली, "आदल्या संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडू." रेल्वेने मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर! मला तिची कीव आली. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८५०. भागाकार करा: ४८ मिनिटं. तिकिटावर दीड तास छापला होता, तो मी कंपनीचा भित्रेपणा मानला.

"तू जा रेल्वेने," मी म्हणालो. "तुझा चहा होईस्तोवर मी हजर."

हवाई अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात आणि मी डोंबिवलीत राहतो, एवढी बाब भागाकारात बसली नव्हती. पहाटे चारला टॅक्सी. मग रांगा. त्यात पट्टा, घड्याळ, पाकीट ट्रेमध्ये टाकून, पँट एका हाताने धरून मी तपासणीतून जात होतो, तेव्हा बायको अकोल्याच्या आसपास गाढ झोपेत असणार. पुढे फलकावर आमच्या विमानापुढे 'विलंब' उमटला आणि तो तासातासाने वाढत गेला.

शेवटी विमानात बसलो, तेही जागचं हलेना. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एका वेळी एकच चालते. बसल्याबसल्या शेजारच्या गृहस्थांना मी माझा भागाकार ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, "तिकिटावरची वेळ विमान फलाटावरून हललं की सुरू होते आणि तिकडे थांबलं की संपते. रांगेत सरकणं त्यातच आलं. शिवाय चढताना-उतरताना ८५० चा वेग कुठला?" यानंतर मी खिडकीबाहेर पाहण्यात रस घेतला.

हवेत मात्र जेमतेम तास-सव्वा तास लागला. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, त्याने पाठीमागून रेटा दिला. कमावलेली मिनिटं सामानाच्या पट्ट्यावर गेली. आहेराची बॅग सगळ्यांत शेवटी आली.

कार्यालयात पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, वडाभात संपला होता आणि आचारी पातेलं घासत होता. बायको आंघोळ करून, ताजीतवानी, संत्रा बर्फी खात बसली होती. ती काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

बोलले सासरे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. "जावईबापू, १९४९ पासून रात्रीची हवाई डाक आमच्या नागपुरातच एकवटायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारी बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची. थैल्यांची अदलाबदल झाली की परत आकाशात. रात्री निघालेलं पत्र सकाळी बरोबर त्या गावात!"

"मग आताच का असं होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या बॅगेकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"थैल्यांना गणित येत नव्हतं ना!"