उभी पंगत

जन्मभर डबा खाल्लेल्या माणसाला दुपारी काय खायचं हा प्रश्न पडतच नाही. डबा उघडेपर्यंत भाजी कोणती ते ठाऊक नसतं आणि उघडल्यावर तक्रार करून उपयोग नसतो. डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जायचो तेव्हा माझं पोट असं परस्पर चाललं होतं. आधी आईने चालवलं, मग बायकोने. पुढे कंपनीने मला न्यूयॉर्कला आणून बसवलं, बायकोलाही इथे नोकरी लागली, आणि तिने जाहीर केलं की डबा ही संस्था तिच्यापुरती बंद झाली आहे; मला ती चालू ठेवायची असल्यास सकाळी सहाला गॅस मोकळा असतो. तेव्हापासून मी गाडीवर जेवतो.

मिडटाउनच्या सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर दुपारी बाराच्या सुमारास तव्यांवर उलथनी आपटू लागतात आणि काचेच्या इमारतींमधून माणसं खाली उतरतात. जवळजवळ दर कोपऱ्याला एक गाडी. सुरुवातीला मी अगदी उदार मनाने सगळं खाऊन पाहिलं. व्हेनेझुएलाच्या मक्याच्या भाकरीत भरलेलं मांस, व्हिएतनामचा पाव, कोरियन पद्धतीचा टाको, ग्रीक सळईवरचे तुकडे. चवीबद्दल तक्रार नाही. त्रास होतो तो निवडण्याचा. फळ्यावरची यादी वाचावी, तिसऱ्या ओळीवर मन बसतंय असं वाटावं, तोच मागचा माणूस घसा खाकरतो. इथे मागच्या माणसाला नेहमी कुठल्यातरी मीटिंगला उशीर झालेला असतो. मग तोंडातून भलतंच निघतं आणि आपण तेच खातो. माझ्या बाबतीत तरी ‘काय खाणार’ याचं उत्तर निम्म्या वेळा मागच्या माणसानेच ठरवलेलं आहे.

या गाड्यांमध्ये दोन जाती आहेत. एक ढकलायची, दुसरी चालवायची. चालवायची म्हणजे खरा ट्रक. त्याच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर. पण मीटर लावलेल्या पार्किंगच्या जागेवर उभं राहून इथे काही विकता येत नाही, आणि मिडटाउनमध्ये बिनमीटरची जागा म्हणजे कल्पनेतली गोष्ट. त्यामुळे ट्रकवाले आज इथे, उद्या तिथे. कुठे आहोत ते फोनवर कळवतात. ही पद्धत गाजवली ती लॉस एंजेलिसमध्ये २००८ च्या नोव्हेंबरात निघालेल्या कोगी नावाच्या ट्रकने. रॉय चोई या आचाऱ्याने कोरियन मांस मेक्सिकन टाकोत भरलं, ट्रक कुठे लागणार ते ट्विटरवर टाकलं, आणि लोक रात्री-अपरात्री त्याच्या मागे धावू लागले. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात ही क्रांती मानतात. माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. ज्या जेवणाच्या मागे धावावं लागतं ते जेवण नव्हे, ती एसटी.

म्हणून मी ढकलगाडीच्या पक्षात. ती सकाळी जिथे लागते तिथेच संध्याकाळपर्यंत असते. आणि ढकलगाड्यांमध्ये राज्य एकाच पदार्थाचं : भातावर कोंबडी. तव्यावर बारीक तोडलेली कोंबडी, पिवळा भात, नावापुरती सॅलडची पानं, वर पांढरा सॉस आणि लाल सॉस. त्रेपन्नाव्या रस्त्यावरची जी गाडी आज जगभर दुकानं काढून बसली आहे, ती १९९० साली तिघा इजिप्शियनांनी हॉट डॉगसाठी सुरू केली होती. हॉट डॉग न खाणारे मुसलमान टॅक्सीवाले समोरून उपाशी जाताना दिसले, तेव्हा त्यांनी भात शिजवला. टॅक्सीवाला जिथे थांबतो तिथे अन्न पोटभर आणि स्वस्त असणार, हे शहाणपण मुंबईत टॅक्सीत बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण ते न्यूयॉर्ककरांनाही कळलं, आणि पाच-सहा डॉलरची ती थाळी आता दहाच्या आसपास गेली.

पांढऱ्या सॉसमध्ये काय असतं यावर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत. एक दही म्हणतो, दुसरा मेयोनीज. माझा गाडीवाला दोघांनाही ‘यस, माय फ्रेंड’ म्हणतो. तो बांगलादेशी आहे. गोऱ्यांना ‘माय फ्रेंड’, मला ‘भाई’. गोऱ्यांना लाल सॉस देताना तो विचारतो, मला विचारत नाही. चेहरा बघून दोन रेघा जास्त ओढतो. तो सॉस खरोखर जहाल असतो, पण त्या दोन रेघांमध्ये एवढा विश्वास असतो की नको म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आले. अण्णा आमच्याकडच्या नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झालेत. लोक न्यूयॉर्कला येऊन स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघतात. अण्णांनी गाड्या बघितल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पावलांनी काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “जावईबापू, दहा बाय पाच. बरोबर?”

बरोबर होतं. ढकलगाडी दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद यापेक्षा मोठी चालत नाही. इमारतीच्या दारापासून वीस फूट दूर हवी, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यापासून दहा फूट. फुटपाथ रुंद नसेल तर उभीच राहायची नाही. रात्री ती घरी नेता येत नाही. ठरलेल्या गॅरेजात धुऊन ठेवावी लागते. खिडकीवर महापालिकेने स्वच्छतेची श्रेणी चिकटवलेली असते, शाळेच्या प्रगतिपुस्तकात असते तशीच, ए, बी, सी. अण्णा हे सगळं मान डोलावत ऐकत होते. नियम ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

“आणि परवाने किती?”

इथे मी जरा सावरून बसलो, कारण मला माहीत होतं की आता त्यांना गंमत येणार. १९८३ साली शहराने हातगाड्यांच्या परवान्यांची संख्या तीन हजारांवर बांधली. शहर वाढलं, भूक वाढली, आकडा तसाच. सरकारी फी दोन वर्षांना दोनशे डॉलर. पण ज्यांच्या नावावर जुने परवाने, ते गाडी न लावता परवानाच भाड्याने देतात, आणि त्या चोरट्या बाजारात दोन वर्षांचा भाव पंचवीस हजार डॉलरपर्यंत गेलेला. देणं बेकायदा, घेणंही बेकायदा. २०२१ साली नवा कायदा झाला, दर वर्षी ४४५ परवाने याप्रमाणे दहा वर्षं वाढवायचे म्हणून.

अण्णांनी चमचा खाली ठेवला. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटत होतं.

त्यावर मी कडी केली. सेंट्रल पार्कमध्ये गाडी लावायची तर जागेसाठी उद्यान खात्याकडे बोली लावावी लागते, आणि २०१३ साली प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका हॉट डॉगच्या गाडीची जागा वर्षाला २ लाख ८९ हजार डॉलरवर गेली होती. अण्णांनी डोळे मिटून त्या वेळच्या भावाने रुपये केले. पावणेदोन कोटींच्या जवळ. “सॉसेज विकून?” “सॉसेज विकून.” मग बराच वेळ ते गप्प राहिले. आमच्याकडच्या बसस्टँडसमोरच्या भजीच्या गाडीचं आपण किती कमी मूल्यमापन केलं, असा काहीतरी विचार त्यांच्या मनात चालला असावा.

जेवायचं कुठे, हाही प्रश्न असतो. गाडीवर टेबल नसतं. एका हातात थाळी, दुसऱ्यात काटा, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही. आम्ही समोरच्या इमारतीच्या चौकात कठड्यावर बसायचो. हे चौक १९६१ च्या नियमामुळे झालेत : बिल्डरने खाली जागा लोकांसाठी मोकळी ठेवली तर त्याला वर जास्त मजले.

“वाढीव एफएसआय!” अण्णा म्हणाले.

अगदी तोच. आणि बिल्डरही बिल्डरच निघाले. मजले घेतले, चौक केले, पण कोणी बसू नये म्हणून काहींनी कठड्यांवर लोखंडी खिळे लावले. विल्यम व्हाइट नावाच्या एका चिकाटीच्या गृहस्थाने सत्तरच्या दशकात या चौकांवर कॅमेरे रोखून लोक कुठे बसतात, का बसतात याचं वर्षानुवर्षं चित्रण केलं. त्याच्या निष्कर्षांपैकी एक असा, की लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. हसू येतं, पण ते पटवायला त्याला बरंच झगडावं लागलं. १९७५ साली नियम बदलून चौकांत आसनं सक्तीची झाली. दुसरा निष्कर्ष गाड्यांचा. कोपऱ्यावर खायची गाडी लागली की माणसं जमतात, आणि माणसं बघून आणखी माणसं जमतात. अण्णांनी नोकरीच्या काळात नेमकी हीच गर्दी हटवण्याचा पगार घेतला होता. ते काही बोलले नाहीत. कठड्यावर जरा सरकून शेजारच्या मुलीला जागा करून दिली.

अण्णा रोज माझ्याबरोबर यायचे आणि सोमवार सोडून कोंबडी खायचे. सोमवारी फलाफल, तेही ‘तेल वेगळं आहे ना’ असं दोनदा विचारून. गाडीवाल्याशी त्यांचं हिंदी जमलं. एकाचं मराठीतून आलेलं, दुसऱ्याचं बंगालीतून, त्यामुळे व्याकरणाची अडचण कोणालाच नव्हती. तो त्यांना ‘अंकल’ म्हणायचा. गॅसची टाकी किती दिवस पुरते, पावसाळ्यात धंदा किती बसतो, दंडाची पावती कोण देतं, अशा चौकशा होत. गिऱ्हाइकांची रांग तुंबायची, आणि मागचा माणूस घसा खाकरायचा. अण्णांवर घसा खाकरण्याचा परिणाम होत नाही. त्यांनी मोर्चे पाहिलेत.

परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटी विचारलंच. “लायसन तुम्हारे नाम पे है क्या?”

गाडीवाला हसला. भाताचा डाव उचलला आणि अण्णांच्या थाळीत आणखी भरघोस भात वाढला. वर कोंबडी. वर पांढरा सॉस, आणि लाल सॉसच्या तीन रेघा.

कठड्यावर बसल्यावर अण्णा म्हणाले, “नाही त्याच्या नावावर.”

“कशावरून?”

“ज्याच्या नावावर असतं तो कागद दाखवतो. नसतं तो वाढतो.” त्यांनी थाळीकडे बघितलं. “फारच वाढलंय. जावईबापू, निम्मं तुम्ही घ्या.”