सतरा वाजता कुठला चहा?

सैन्यात वेळेला विसर्ग नसतो, संशयही नसतो. 1740 म्हणजे 1740. रेल्वेचं घड्याळही असंच चोवीस तासांचं, आणि आमच्यासारख्या बारापर्यंतच मोजणाऱ्यांची पंचाईत झाली.

नियम इयत्ता दुसरीचा आहे: तेरापासून पुढे बारा वजा करा. पण आमचे मामा दहा वजा करतात. सतरातला एक खोडला की सात उरतात, हे त्यांचं गणित. त्यामुळे 17:40 ची गाडी पकडायला ते सव्वासातला स्टेशनवर पोचले, तेही ‘वेळेआधी आलो’ या ऐटीत. दोष अर्थात रेल्वेचा.

खरी गंमत मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर बुधवार, 00:10. मामा बुधवारी जेवून, रात्री निवांत निघाले. गाडी आदल्या रात्रीच गेली होती. मामांचा युक्तिवाद मात्र बिनतोड: पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, मग मंगळवारी रात्री जेवल्यावर बुधवार कसा उजाडेल? तिकीट तपासनिसाकडे पंचांग नव्हतं.

ज्यांच्या पूर्वजांनी दिवसाच्या साठ घटका पाडल्या, प्रत्येक चोवीस मिनिटांची, ते आम्ही चोवीस तासांना घाबरतो. मोबाइलमध्ये चोवीस तासांचं घड्याळ एका टिचकीत लागतं. मामांच्या मोबाइलमध्ये मी ते लावून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दुरुस्तीला टाकला; म्हणाले, ‘पंधरा वाजलेत म्हणतोय.’

तेव्हा वाचकहो, तिकिटावर 00 दिसलं, तर आदल्या रात्रीच बॅग भरा.