डॅन्यूबसुद्धा वाट चुकते

परदेशात एकट्यानं लांबच्या सायकल सफरीवर निघालेला माणूस रस्ता चुकणार, हे तिकीट काढतानाच गृहीत धरायला हरकत नाही. चुकण्याला कुणी हसू नये. हसण्याजोगं असतं ते चुकल्यावरही न डगमगता पायडल मारत राहणं. ज्याला रस्ता माहीत नाही तो पहिल्याच फाट्यावर घुटमळतो आणि फार तर कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत जाऊन परत फिरतो. ज्याला रस्ता पक्का माहीत आहे असं वाटतं, तो मात्र दुसऱ्या प्रांतात पोचतो. माझं म्हणणं एवढंच आहे की चूक अज्ञानानं होते, पण ती वाढते खात्रीनं. त्यामुळे प्रवासातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खात्रीचा वाटाड्या.

खात्रीचा वाटाड्या म्हणून नदीचं नाव सगळ्यात आधी घेतात. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग बराच काळ डॅन्यूबच्या सोबतीनं जातो. नदी समुद्राला मिळणारच, तेव्हा तिचा काठ धरला की काम झालं, हा हिशेब बिनतोड वाटतो. पण नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, ते डॅन्यूबला तंतोतंत लागू आहे. ती डोनाउएशिंगनला उगम पावते की तिथं येऊन मिळणाऱ्या ब्रेग नदीचा उगम हाच तिचा खरा उगम, यावर जर्मनीत जुना वाद आहे. तो बाजूला ठेवून पुढे निघावं, तर इमेंडिंगनजवळ नदी चुनखडीच्या भेगांतून चक्क जमिनीत शिरते. वर्षातले कित्येक दिवस पात्रात गोटेच उरतात. हे पाणी सुमारे बारा किलोमीटरवर आखटोप्फच्या झऱ्यातून वर येतं आणि कॉन्स्टन्स सरोवरातून ऱ्हाईनमध्ये जातं. म्हणजे काळ्या समुद्राला निघालेलं पाणी उत्तर समुद्राला पोचतं. १८७७ मध्ये शास्त्रज्ञांनी नदीत मीठ, रंग आणि तेल ओतून खातरजमा केली; अडीच-एक दिवसांनी झऱ्यातून हिरवंगार खारट पाणी आलं. पुढे या पाण्यावरून जर्मन राज्यं एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभी राहिली. जिचं स्वतःचंच पाणी भलतीकडे जातं, तिच्या भरवशावर दोन हजार किलोमीटर जायचं म्हणजे धाडसच. पुढे ऑस्ट्रियात श्लोगेनला ती डोंगराला वळसा घालून जवळजवळ आल्या दिशेला तोंड करते. व्हिएन्नाला निघालेल्या सायकलस्वाराला होकायंत्र सांगतं, की महाराज, आपण घरी चालला आहात. त्यातून उत्तरेच्या काठावर असलात, तर वाट कड्यापाशी संपते आणि होडीशिवाय गत्यंतर नसतं.

मग नदी सोडून आकडा धरावा. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक द्यायची पद्धत सुरू झाली. ती एका खाण-अभियंत्याला सुचली. भुयारांचे फाटे क्रमांकांनी ओळखायची त्याला सवय होती. आज नेदरलँड्सही त्याच पद्धतीनं चालतं. गावांची नावं घोकायला नकोत. हँडलला कागद चिकटवायचा, २३, ४५, १२, आणि निघायचं. सोय उत्तम आहे, पण तिचा वाईट परिणाम असा की माणूस गाव, चर्च, सूर्य काहीच बघेनासा होतो. एक पाटी झुडपाआड गेली की पुढे येतो तो ७१, आणि ७१ कोणत्या दिशेला आहे हे आकड्यावरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. तरी ही चूक लहानच राहते, कारण चौकाचौकात नकाशाचा फलक असतो. आकड्यांनी चुकवलेल्याला फलक ताळ्यावर आणतो.

आता तरुण मंडळी म्हणतील, फोन काय फक्त फोटो काढायला आहे? तो तर काही मीटरपर्यंत अचूक असतो. असतो ना. आपण कुठे उभे आहोत, हे तो अचूक सांगतो. कुठे जायला हवं, हे तो आपल्याकडूनच शिकतो. २००९ मध्ये एका स्वीडिश जोडप्यानं काप्रीऐवजी कार्पी टाइप केलं आणि गाडीनं उत्तर इटलीतल्या कार्पी गावात जाऊन काप्रीच्या प्रसिद्ध निळ्या गुहेची चौकशी केली. काप्री हे बेट आहे. वाटेत समुद्र लागला नाही, याचंही त्यांना काही वाटलं नाही, कारण यंत्रानं काम चोख केलं होतं. हीच चूक सायकलवर झाली असती, तर दोन दिवसांत पाणी, केळी आणि मुक्काम यांच्या निमित्तानं दहाजणांनी ‘कुठे निघालात?’ विचारलं असतं आणि बेट वेळीच आठवलं असतं. सायकलचा संथपणा इथं कामाला येतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप चीनमधून येतो. २०१७ च्या जानेवारीत बातमी आली, की एक कामगार वसंतोत्सवासाठी शानदोंगमधल्या रिझाओहून सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या घरी सायकलनं निघाला. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून तो लोकांना विचारत गेला. महिन्याभरानं सायकलला बंदी असलेल्या महामार्गावर पोलिसांनी अडवलं, तेव्हा कळलं की तो सुमारे पाचशे किलोमीटर भलत्या दिशेला आला आहे. पोलिसांनी आणि टोलनाक्यावरच्या लोकांनी पैसे काढून त्याला रेल्वेनं घरी धाडलं. म्हणजे संथ वाहन होतं, माणसंही होती, तरी चूक वाढलीच. आक्षेप खरा आहे. पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. त्याचं घर उत्तरेला होतं. हिवाळ्यात तिथं भरदुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणजे तो पाठीवर यायला हवा होता. तो महिनाभर तोंडावर येत राहिला. विचारण्यात काही चुकलं नव्हतं. ऐकलेलं ताडून बघायचं राहून गेलं.

शेवटचा आक्षेप रसिकांचा: सारखी शंका घेत राहिलं, तर प्रवासाची मजा ती काय? पण शंकेला वेळ किती लागतो? डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उलटे मोजतात. पासाऊला ते २,२०० च्या वर असतात, व्हिएन्नापाशी १,९०० च्या घरात येतात. जाता जाता काठावरच्या फलकाकडे एक नजर टाकली आणि आकडा वाढताना दिसला, तर होडी, फोन, वाटेतले आजोबा काहीही म्हणोत, आपण उलटे चाललो आहोत. एकमेकांची ओळख नसलेले दोन साक्षीदार गाठावेत, एवढंच या शास्त्राचं सार: पाटी आणि सूर्य, किंवा फोन आणि नदीचा आकडा. दोघांचं जुळलं तर खुशाल पायडल मारावं. नाही जुळलं, तर सायकलवरून उतरून निर्णयाच्या आधी काहीतरी खाऊन घ्यावं, कारण उपाशी माणसाची खात्री फार लवकर पटते.