भिंतीला पोट सुटलं

"पोट सुटलंय," परसातून आत येत काकू म्हणाली आणि घरातल्या सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. काकू बोलत होती ते मात्र घरामागच्या भिंतीबद्दल.

आमचं घर रत्नागिरीकडचं, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. मागच्या चढावर काजू, आणि चढ न् परस यांच्यामध्ये पूर्वी गडगा होता. जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचलेले, मध्ये ना चुना ना सिमेंट. दर पावसाळ्यात तो कुठेतरी हातभर ढासळायचा आणि दिवाळीच्या आसपास कुणीतरी शिव्या घालत तो पुन्हा रचायचं. काका मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन गावी आले आणि हा प्रकार त्यांच्या डोळ्यांत खुपला. दरवर्षी किरकोळ खर्च म्हणजे काय? एकदाच काय ते करून मोकळं व्हावं! त्यातून सात फुटी चिऱ्याची भिंत उभी राहिली. सिमेंटमध्ये बांधलेली, वर गुळगुळीत गिलावा, त्यावर पिस्ता रंग. मे महिन्यात आलेले पाहुणे समुद्र सोडून तिच्यासमोर फोटो काढत.

मृगाने तिला काही केलं नाही. आर्द्रेत गिलाव्यावर ओलीचे नकाशे उमटले. पुनर्वसूत, म्हणजे आमच्याकडच्या 'तरण्या' पावसात, मधोमध पोट आलं.

त्यानंतर घरात येणारा प्रत्येक माणूस चहाच्या आधी परसात जाऊ लागला. कुणी भिंतीवर टिचक्या मारल्या, कुणी कान लावला. एकाने काजूच्या मुळांवर ठपका ठेवला, दुसऱ्याने दिशेवर. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेल्या माणसाला जितके सल्ले मिळत नाहीत तितके त्या भिंतीला मिळाले. गवंड्याला बोलावलं. त्याने ओळंबा लावला, एक डोळा मिटला, बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "भिंत हाय तिथंच हाय. डोंगर फुडं आलाय."

खरं निदान केलं पुतण्याने. तो सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे आणि घरात त्याचं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की मातीला अडवायला भिंत पुरते. घोळ होतो तो पाण्याचा. आमच्या भागात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातलं डोंगरात मुरलेलं पाणी उताराने खाली येतं आणि भिंतीच्या पाठीशी येऊन थांबतं, कारण पुढे वाटच नसते. तिथे दोन मीटर पाणी तुंबलं, की भिंतीच्या दर मीटर लांबीला जवळजवळ दोन टनांचा रेटा बसतो. मातीचा रेटा वेगळा. म्हणजे प्रत्येक मीटरमागे दोन लहान मोटारी रात्रंदिवस ढकलत उभ्या. वर पुतण्याने कूलोम काढला. शाळेत विजेच्या धड्यात भेटतो तोच. हा गृहस्थ मूळचा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर त्याने काही वर्षं काढली आणि १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे जो निबंध ठेवला, त्यात भिंतीवर येणाऱ्या मातीच्या रेट्याचं गणित होतं. विजेचा नियम नंतरचा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या भिंतीला पोट आलं होतं का?"

मग तपास सुरू झाला. अशा भिंतीत पायाजवळ पाणी जायला भोकं ठेवतात, मीटर-दीड मीटरवर एक, बाहेरच्या अंगाला किंचित उतरती. ती आमच्या भिंतीत का नव्हती? गवंडी म्हणाला, होती! पाइपाचे तुकडे त्याने स्वतः बसवले होते. गिलावेवाल्याने ती बुजवली. गिलावेवाला म्हणाला, मला घरातून सांगितलं. घरातून म्हणजे कुणी, या प्रश्नावर काकू पदर खोचून पुढे आली. "मी सांगितलं. त्या भोकांत फुरसं शिरलं असतं तर?"

आता जांभ्याच्या मुलखात फुरशाचं नाव निघालं की वाद संपतो. काकूचं भय खोटं नव्हतं, त्यावर इलाजही साधा होता: पाइपाच्या तोंडाला जाळी. पण गिलावा करताना जाळीची आठवण कुणाला होणार? भिंतीमागे खरं तर दगडगोटे आणि खडी भरायला हवी होती, म्हणजे पाणी सरळ खाली उतरून भोकांपाशी आलं असतं. तिथे भरली होती पायातून निघालेली तांबडी माती आणि जुन्या न्हाणीघराचं डबर. ते फुकट होतं.

गडग्याला यातलं काहीच लागायचं नाही, कारण तो सगळा फटींचाच. हे ऐकून पाहुणे मंडळी फार हळवी झाली. मला ते पटत नाही. गडग्याचं कौतुक करणाऱ्याने तो एकदा भर उन्हात रचून पाहावा. हल्ली घाटरस्त्यांच्या कडेला तारेच्या जाळीत दगड भरून भिंती रचतात, त्याला गॅबियन म्हणतात. म्हणजे गडग्याला जाळी चढली आणि त्याचं टेंडर निघालं.

पाऊस जरा उघडल्यावर भिंतीला भोकं पाडली. पुतण्याने सगळ्यांना लांब उभं केलं. पहिल्याच भोकातून निघालेली तांबडी पिचकारी थेट गवंड्याच्या छातीवर बसली, आणि डोंगर पुढे आलाय हे त्याचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं. दुपारपर्यंत परसात ओढा वाहू लागला. संध्याकाळी खालच्या अंगाचे शेजारी छत्री घेऊन आले. "तुमचा डोंगर आमच्या पोफळींत उतरलाय," ते म्हणाले. भोकांतून निघालेलं पाणी कुठे जाणार, हा विचार ना गवंड्याने केला होता ना पुतण्याने. कूलोमचंही त्यावर काही मत असल्यास पुतण्याला आठवेना. शेवटी भिंतीच्या पायाशी पन्हळ काढून ती आमच्याच हद्दीतून व्हाळापर्यंत नेली, आणि वर काजूंच्या खालून आडवा चर मारला, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी भिंतीपाशी येण्याआधीच बाजूला वळेल.

सुटलेलं पोट मात्र भोकं पाडून आत जात नाही. पाऊस संपल्यावर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागला, मागे खडी भरून. खर्च मूळ भिंतीच्या निम्म्याने वाढला. काका तो आकडा कुणाला सांगत नाहीत.

तुम्ही भिंत बांधायला काढली असेल तर गवंड्याला भोकं ठेवायला सांगाच, पाणी पुढे कुठे सोडायचं तेही आधी ठरवा. बाकी कामाला गेलात तरी चालेल, पण गिलाव्याच्या दिवशी मात्र रजा टाकून घरी थांबा, आणि खिशात जाळी ठेवा.