दाजींची डॉज आणि सासूबाईंचं मुसळ

गावच्या जावयाला अख्खं गाव दाजी म्हणतं, मग तो जावई सत्तरीचा असो आणि त्याला दाजी म्हणणारं पोर सात वर्षांचं. भोरजवळच्या उत्रोलीत पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचं असंच झालंय. त्यांचं खरं नाव गावात फार तर दोघा-तिघांना आठवत असेल. गाडीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ आहे: डाज.

डाज म्हणजे डॉज किंग्जवे, 1951 ची. लांबी साधारण सोळा फूट, वजन दीड टनाच्या आतबाहेर, पुढच्या सलग सीटवर तीन माणसं मांडीला मांडी लावून बसतील अशी ऐसपैस, आणि गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. 2023 सालच्या अधिक श्रावणात सासूबाईंचा निरोप आला: धोंड्याचा महिना आहे, जेवायला या. तीन वर्षांतून एकदा जावयाला एवढा भाव येतो. अशा वेळी मुलाच्या छोट्या गाडीतून जाणं दाजींना पटेना. डॉजच काढायची ठरली.

यात कायद्याची एक बारीक अडचण होती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये वेगळे नियम केले. व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी करायला वीस हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. दाजींनी अजून ही नोंदणी केलेली नाही, पण करावी का, या विचारात नियम मात्र तोंडपाठ केलेत. त्यात सासुरवाडी कुठेच नाही.

“दुरुस्ती आहे ना!” दाजी म्हणाले. “मग झालं. आपली दुरुस्ती कुठे थांबलीये?”

मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी डिकीत पाण्याचे चार कॅन, दोन जुनी धोतरं आणि एक सतरंजी ठेवली. सतरंजी सहलीसाठी नव्हती, गाडीखाली झोपण्यासाठी होती.

बरोबर मालकीणबाईंचा भाऊ होता, अमेरिकेतून आलेला. मूळचा उत्रोलीचाच, पण शिकायला म्हणून 1980 च्या सुमारास मिशिगनला गेला आणि तिकडचाच झाला. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं पंढरपूर. तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची वारी निघते, आणि हा गृहस्थ दर वर्षी रस्त्याकडेला खुर्ची टाकून ती बघत बसतो. बघतच बसतो, कारण त्याची स्वतःची गाडी त्याने चाळीस वर्षांपूर्वी विकली. 1969 ची डॉज चार्जर होती ती. हे दुःख त्याने कात्रज यायच्या आत दोनदा सांगून संपवलं होतं.

जुना घाट अर्धा चढून होतो तोच तापमानाचा काटा उजवीकडे सरकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. दाजींनी शांतपणे गाडी कडेला घेतली. एक धोतर भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळलं, कारण इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती नुसती चघळत बसतो. मग रेडिएटर निवायची वाट बघत तिघं कठड्यावर बसले. मागून येणारी प्रत्येक गाडी थांबून फोटो काढत होती.

“ही खरी अमेरिकन का?” एका मोटारसायकलवाल्याने विचारलं.

या प्रश्नावर दाजी नेहमी दोन उत्तरं देतात. पहिलं: हो. दुसरं: कुर्ल्याची. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. तिकडून सुटे भाग यायचे, इकडे ते एकत्र व्हायचे. पुढे याच कारखान्यात फियाट आली, तिची पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला चेहरा मिळाला. डॉज-प्लायमाउथचं नशीब वेगळं निघालं. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसलं आणि मुंबई-पुणे टॅक्सी म्हणून त्या बोरघाटात राबल्या. याच बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदण्याची कामं वालचंदांनी मोटारींच्या कितीतरी आधी केली होती. इंग्रजी पुस्तकांत बोरघाटाचं स्पेलिंग भोरसारखं करतात, त्यामुळे भोरमध्ये खंडाळ्याचा घाट शोधणारा एखादा परगावचा पाहुणा भेटतोच. (त्याला वरंध घाटात पाठवावं. निराश होणार नाही.)

मोटारसायकलवाला एवढं ऐकायला थांबला नव्हता.

खेड शिवापूर सुखरूप गेलं. पाऊस सुरू झाला तशी मेहुण्याची कळी खुलली आणि त्याने मसल कार म्हणजे काय ते सांगायला घेतलं. मध्यम अंगाची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं, एवढीच ती कल्पना. 1964 मध्ये पॉन्टियाकने हे केलं. त्यांची मालक कंपनी जनरल मोटर्स, आणि तिचा नियम असा की या आकाराच्या गाडीत 330 घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकवाल्यांनी 389 घनइंचांचं इंजिन ‘गिऱ्हाइकाने मागितलं तर जादा सामान’ म्हणून यादीत घातलं आणि त्या सामानाला जीटीओ नाव दिलं. 325 अश्वशक्तीचं जादा सामान!

“म्हणजे दुरुस्ती,” दाजी समाधानाने म्हणाले.

त्याच वर्षी 17 एप्रिलला फोर्डची मस्टँग आली, किंमत 2368 डॉलर, आणि पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या. मेहुण्याची चार्जर या सगळ्यांच्या वरताण होती: 440 घनइंच, म्हणजे 7.2 लिटर, आणि 375 अश्वशक्ती. दाजींच्या डॉजची शंभराच्या आतच. 1973 च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल अडवलं तेव्हा ही सारी पहिलवान मंडळी आधीच विम्याच्या हप्त्यांनी आणि धुराच्या कायद्यांनी वाकली होती. म्हणून तर परदेशी विद्यार्थ्याला स्वस्तात चार्जर मिळाली. आपल्याकडे तेव्हा साध्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे आणि परदेशी गाडी हवी तर वकिलातींच्या जुन्या गाड्यांच्या सरकारी विक्रीवर डोळा ठेवावा लागे. मसल कार नावाचा अख्खा अध्याय मराठी माणसाने सिनेमात पाहिला.

“मग विकली कशाला रे?” बहिणीने विचारलं.

“मुलगी झाली. दोन दारांच्या गाडीत बाळाची खुर्ची ठेवताना रोज कंबर मोडायची. डॉजचीच कॅरव्हॅन घेतली.” थोडा वेळ फक्त वायपरचा आवाज. “टीव्हीवर एक मालिका लागायची. हीच गाडी, नारिंगी. दर आठवड्याला पुलावरून उडवायचे. सुमारे तीनशे चार्जर मोडल्या म्हणे त्या लोकांनी. मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो.”

कापूरहोळला भोरकडे वळले आणि मागचं डावं चाक बसलं. खिळा होता.

पंक्चरवाला हुशार, हाताने दांडगा. त्याने जॅक लावण्याआधी पाना बसवला आणि जोर दिला. बोल्ट हलेना. पान्यावर पाय ठेवला, मग पान्यावर चढून उभा राहिला. शेजारचा चहावाला आला, एसटीची वाट बघणारे दोघं आले, कुणीतरी लोखंडी पाइप आणून पान्याच्या शेपटीला जोडला. चार माणसं “हाँ... हाँ...” करत भिडली. बोल्ट करकरला, पण सुटल्यासारखा नाही, रागावल्यासारखा. दाजी रस्त्यापलीकडे चहा पीत होते.

तेवढ्यात मेहुणा पळत आला. “थांबा, थांबा! उलटे आटे आहेत!”

क्रायस्लर कंपनीच्या डोक्यात पूर्वी असं होतं की डाव्या बाजूचं चाक पुढे धावताना ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने साधा बोल्ट सुटतो, म्हणजे चालता चालता चाक ढिलं व्हायचं. म्हणून डावीकडच्या चाकांना उलटे आटे, उजवीकडच्यांना सुलटे. साधारण 1970 पर्यंत हा हट्ट चालला. पंक्चरवाला आणि मंडळी इतका वेळ बोल्ट आवळत होती.

“तुला रे कसं माहीत?” दाजी चहाचा कप हातात घेऊनच आले.

“माझ्या चार्जरलाही असंच होतं,” मेहुणा म्हणाला. त्याने वाकून बोल्टच्या डोक्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला. आत ‘एल’ अक्षर होतं. तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. दाजींनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली. डेट्रॉईटच्या भाच्याची कुर्ल्याच्या मावशीशी ओळख पटली होती.

भाटघर यायच्या आत धार लागली. येसाजी कंक जलाशय कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढून काचेवर ओली तंबाखू चोळली. हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय, काचेवर थेंब थांबत नाहीत. सहा व्होल्टचे दिवे रस्त्यापेक्षा स्वतःलाच दिसावेत इतपत जळत होते. भोरमध्ये शिरताच पोरं मागे धावली. इथल्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंगं चालतात, त्यामुळे जुनी गाडी दिसली की भोरकर एकच प्रश्न विचारतात.

“शूटिंग कुठंशी हाय वो? हिरो कोण?”

“मीच,” दाजी म्हणाले. पोरांनी आत नीट वाकून बघितलं आणि ती परत गेली.

उत्रोलीत दारात रांगोळी पावसाने वाहून गेली होती. ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, पुरणाचे तळलेले धोंडे, इंद्रायणीचा वाफाळता भात. सासूबाई नव्वदीच्या, कानाने जरा कमी. त्यांनी आधी जावयाला ओवाळलं, मग बाहेर जाऊन गाडीला. जेवताना लेकाने पुन्हा चार्जरचा विषय काढला.

“कंची गाडी म्हनला?”

“मसल कार, आई.”

“मुसळ?” सासूबाईंनी हात थांबवला. “मुसळाची गाडी? आन् ती इकली व्हय तू?”

जेवण उरकेपर्यंत बाहेर डॉजचं मागचं चाक अंगणाच्या कडेच्या चिखलात आसापर्यंत गेलं होतं. गावातली दहा-बारा पोरं लागली. दाजी स्टिअरिंगवर, “ढकला रे!”, चाक जागच्या जागी फिरलं आणि मागच्या तिघांचे फक्त डोळे पांढरे राहिले. जॅक लावला तर जॅकच चिखलात गेला. ट्रॅक्टर बोलवावा म्हटलं, तर ज्याचा ट्रॅक्टर तो चिखलणीला.

सासूबाई पडवीतून बघत होत्या. आत गेल्या आणि नातवाच्या खांद्यावर देऊन एक वस्तू बाहेर धाडली: माळ्यावरचं पुरुषभर उंचीचं जुनं मुसळ, टोकाला लोखंडी कडं, मधोमध हातांनी गुळगुळीत झालेलं. “लावा हे खाली.” पाट्याचा तुटका दगड टेकू म्हणून ठेवला, मुसळाचं टोक बंपरखाली घातलं आणि दुसऱ्या टोकाला चौघं लोंबकळले. 1951 चा बंपर पोलादाचा, वाकायचा प्रश्नच नव्हता. गाडी कण्हत वीतभर उचलली गेली. चाकाखाली दगड आणि भाताचा पेंढा सरकवला. या वेळी मेहुण्याला चाकावर बसवलं. त्याने क्लच सोडला, डॉज एक हिसका देऊन बाहेर आली आणि थेट तुळशीवृंदावनापाशी जाऊन थांबली. तो खाली उतरेचना. इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात त्या थोरल्या स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

“उतर की आता,” बहीण म्हणाली.

“एक मिनिट,” तो म्हणाला, आणि पंधरा मिनिटं बसला. पेट्रोल शंभरीपार होतं, पण दाजींनी त्याला हटकलं नाही.

परतीला डिकीत इंद्रायणीचं पोतं, उरलेले अनारसे आणि ओली सतरंजी. कात्रजच्या उतारावर मालकीणबाईंचा फोन वाजला. पलीकडे सासूबाई. आवाज इतका मोठा की पुढच्या सीटवरच्या तिघांनाही स्पष्ट ऐकू आला.

“आमचं मुसळ कुठं गेलं गं?”

दाजींनी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटखाली, आडवं, चिखलाने माखलेलं, एका टोकाचं लोखंडी कडं चमकत होतं.

“आहे, आहे,” ते फोनकडे तोंड करून ओरडले. “पुढच्या रविवारी आणून देतो!”

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मेहुणा मात्र लगेच म्हणाला, “माझी फ्लाइट सोमवारची आहे. रविवारी मी मोकळा आहे.”