पांढरी पाच, जरा चढी

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजक्या नटबोल्टांच्या ढिगाशी उकिडवा बसून एखादा साठीचा गृहस्थ दहा-बारा किलोचं काळं धूड निरखताना दिसला, तर तो भंगारवाला नव्हे. तो बँकेतून व्हीआरएस घेतलेला असतो आणि ते धूड म्हणजे सत्तरच्या दशकातला सान्सुई, नाहीतर आपल्याकडचाच कॉस्मिक ॲम्प्लिफायर. भाव करताना तो तोंड पाडून "बंदच असेल हो" म्हणतो. रिक्षात मात्र मांडीवर घेऊन बसतो.

"अहो, हा ठेवणार कुठे?"

"तात्पुरता गं."

असे तात्पुरते चौघे दिवाणाखाली आधीच असतात.

आणलेला ॲम्प्लिफायर थेट प्लगला लावणं हे त्याच्या लेखी पाप. आधी 60 वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला तर आशा आहे. मग स्पीकर जोडले जातात आणि गाण्याच्या आधी येतो तो हम, म्हणजे स्पीकरमधला एकसुरी गुणगुणाट. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरते, ती मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही पसरली नव्हती, असं बायको सांगते.

आता घरात संचारबंदी. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरला शिट्टीची मनाई. स्पीकरच्या जाळीला कान लावून, डोळे मिटून तो नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा पुटपुटतो, "शंभरचा आहे." आपल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं रेक्टिफायरमधून गेली की दुप्पट होतात. म्हणजे शंभरचा हम आला पॉवर सप्लायमधून; जुने कंडेन्सर सुकले. पन्नासचा असता तर अर्थिंगवर आणि टीव्हीच्या केबलवर संशय. खात्रीसाठी तो पेटीवर खर्जातली पांढरी पाच दाबतो. ती 98ची. हम तिच्याहून किंचित चढा लागला की "बघ, म्हटलं नव्हतं?" न्यू जर्सीतल्या मुलाकडे वीज 60 आवर्तनांची, म्हणून तिकडचा हम 120चा. फोनवर नातवाच्या आधी त्याची चौकशी होते.

व्हॉल्यूम शून्यावर आणूनही हम तस्साच. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात. झाकण उघडलं जातं. आत धुळीत दोन गलेलठ्ठ निळे कंडेन्सर, प्रत्येकी 10,000 मायक्रोफॅरडचे, आणि त्यांच्या बुडाशी तपकिरी चिकटा. शेजारचे इंजिनिअर डोकावून म्हणतात, "गळलाय." याला त्यांची कीव येते. "गोंद आहे तो. कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यातच लावलेला." हे खरंच असतं. मात्र तो गोंदही जुना झाला की आसपासच्या तारा खातो, हे तो शेजाऱ्यांना सांगत नाही.

तापकीर गल्लीतून नवे कंडेन्सर येतात. डाग द्यायला एक संध्याकाळ पुरे, पण ती संध्याकाळ काही उगवत नाही. आधी मीटर हवा, मग बरं शिसं हवं, मग पितृपक्ष लागतो. माझं स्पष्ट मत आहे की हम जावा असं त्याला मनापासून वाटतच नाही. हम गेला तर गाणं ऐकावं लागेल. भीमसेनांच्या तबकडीची पहिली दोन मिनिटं त्याला पाठ आहेत, कारण चाचणी तिच्यावर होते. द्रुत त्या घरात कुणी ऐकलेली नाही.

तुमच्या माळ्यावर असला ॲम्प्लिफायर पडून असेल, तर थेट प्लगला लावू नका. प्लग काढल्यावरही आत बोट घालू नका. मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज बराच वेळ साठून राहते. सरळ याला बोलवा. पैसे घेणार नाही. चहा तेवढा तो यायच्या आधीच करून ठेवा, गॅसची फुसफुससुद्धा त्याला चालत नाही.